दुसऱ्या नजरेसाठी बांधलेलं दार

मार्चमध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहरातून हिवाळा अजून गेलेला नसतो. मिशिगन सरोवरावरून येणारे ढग या शहरावर दर वर्षी जवळजवळ दोन मीटर बर्फ टाकतात. त्यातला शेवटचा मळकट थर रस्त्याकडेला अजून साचलेला असतो, झाडांवर पान नसतं, आणि लोक कानटोप्या ओढून चालत असतात. नेमक्या याच दिवसांत, शहराच्या पूर्वेकडच्या एका पाच मजली उंच काचघरात सात हजार फुलपाखरं उडत असतात.

ही फुलपाखरं मिशिगनची नव्हेत. कोस्टा रिका, इक्वेडोर, केनिया, फिलिपिन्स अशा उष्ण देशांत फुलपाखरांची शेती होते. तिथून कोष विमानानं येतात आणि बागेतली माणसं ते एकेक करून ओळीनं टांगून ठेवतात. कोष म्हणजे वाळक्या पानाची गुंडाळी वाटावी अशी वस्तू. एका सकाळी तिला चीर जाते, चुरगळलेल्या ओल्या पंखांचा एक जीव बाहेर येऊन उलटा लटकतो, आणि पोटातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलत पंख ताठ करतो. मग ते वाळण्याची वाट बघतो.

यातलं मॉर्फो नावाचं फुलपाखरू जवळून पाहावं. ते पंख मिटून बसलं की तपकिरी दिसतं, पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके, खोडाच्या सालीवर बसलं तर सापडणारही नाही. पंख उघडले की असा निळा प्रकाश फाकतो की आपण दचकतो. गंमत म्हणजे त्या पंखांत निळा रंग कुठेच नाही. पंखांवर कौलांसारखे रचलेले अतिसूक्ष्म खवले असतात, आणि प्रत्येक खवल्यावर त्याहून बारीक कंगोरे. त्या कंगोऱ्यांच्या थरांमधलं अंतर असं जुळलेलं असतं की प्रकाशातल्या निळ्या लहरी एकमेकींना बळ देत परत फिरतात, बाकीच्या विरून जातात. पंख हलला, कोन बदलला की निळाही बदलतो. पहिल्या नजरेत ‘काय सुंदर रंग!’ एवढंच कळतं. हा रंग नसून रचना आहे हे कळायला दुसरी नजर लागते, आणि तिला वेळ द्यावा लागतो.

हे काचघर आहे ‘फ्रेडरिक मायर गार्डन्स अँड स्कल्प्चर पार्क’ या संस्थेचं. 158 एकरांचा हा परिसर एकाच वेळी वनस्पती उद्यानही आहे आणि शिल्प उद्यानही. वर्षाला साडेसात लाखांच्या घरात माणसं इथं येतात. मला विशेष बोलायचंय ते या माणसांच्या स्वागतासाठी बांधलेल्या नव्या इमारतीबद्दल. 2017मध्ये बागेच्या विस्ताराचं काम सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत, बाग चालू ठेवूनच, ते टप्प्याटप्प्यानं पुरं झालं. त्यासाठी 11 कोटी 50 लाख डॉलर उभारण्याची मोहीम निघाली. एवढ्या खर्चाच्या विस्तारात बागेला दाराला इतकं महत्त्व का द्यावंसं वाटलं? मॉर्फोच्या निळ्यासारखंच या प्रश्नाचं उत्तरही पटकन दिसत नाही.

आधी बागेची गोष्ट. हेंड्रिक मायर हे नेदरलँड्समधून आलेले न्हावी. मंदीच्या काळात, 1934 साली, त्यांनी मिशिगनमधल्या ग्रीनव्हिल गावात किराणा दुकान टाकलं. त्यांचा मुलगा फ्रेडरिक ऊर्फ फ्रेड. बापलेकांनी त्या दुकानाची अवाढव्य बाजारांची साखळी उभी केली. त्या बाजारांमध्ये आजही ‘सँडी’ नावाचा एक यांत्रिक घोडा असतो. एक सेंट टाकला की मूल घोड्यावर बसून डुलतं. गेल्या साठ-एक वर्षांत बाकी सगळ्याचे भाव वाढले, सँडीचा एक सेंट तसाच राहिला.

फ्रेड आणि त्यांच्या पत्नी लीना यांनी शिल्पं जमवायला सुरुवात केली ती मार्शल फ्रेडरिक्स या मिशिगनच्याच शिल्पकाराच्या कामांपासून. त्याच सुमारास पश्चिम मिशिगनच्या बागप्रेमींची संस्था वनस्पती उद्यानासाठी जागा आणि आधार शोधत होती. मायर दांपत्यानं जमीन दिली आणि सोबत शिल्पंही. 1995च्या एप्रिलमध्ये बाग उघडली. शिल्पाला संग्रहालयातली पांढरी भिंत मिळते ती कायम पांढरीच राहते. बागेत मात्र शिल्पामागची भिंत एप्रिलमध्ये पोपटी, ऑक्टोबरमध्ये तांबडी आणि जानेवारीत पांढरी होते. त्यामुळे एकच शिल्प वर्षभरात अनेकदा नव्यानं पाहता येतं.

या बागेतलं सगळ्यांत लाडकं शिल्प म्हणजे नीना अकामू यांचा ‘द अमेरिकन हॉर्स’. चोवीस फूट उंच ब्राँझचा घोडा, दोन पाय उचललेले, दोन जमिनीवर. त्याची जन्मकथा पाचशे वर्षांची आहे. मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा यानं 1482च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीला आपल्या वडिलांच्या स्मारकासाठी जगातला सर्वांत मोठा घोडा घडवायला सांगितलं. लिओनार्दोनं वर्षानुवर्षं घोडे रेखाटले, मापं घेतली आणि चोवीस फुटांचा मातीचा नमुना उभा केला. ओतकामासाठी जमवलेलं ब्राँझ मात्र 1494 साली तोफांसाठी गेलं. 1499मध्ये फ्रेंच सैन्य मिलानमध्ये शिरलं, आणि त्यांच्या तिरंदाजांनी मातीच्या घोड्यावर नेमबाजी केली. घोडा संपला. राहिली ती कागदावरची रेखाटनं.

1977 साली चार्ल्स डेंट या अमेरिकन वैमानिकाच्या वाचनात ही हकीकत आली आणि त्यानं हा घोडा पुरा करायचं मनावर घेतलं. 1994मध्ये डेंट गेला, काम अर्धवट राहिलं. मग अकामूंनी लिओनार्दोची रेखाटनं अभ्यासून घोडा नव्यानं घडवला, आधी आठ फुटी, मग चोवीस फुटी. न्यूयॉर्क राज्यातल्या ओतशाळेत त्यावरून दोन घोडे ओतले गेले. एक 1999च्या सप्टेंबरमध्ये मिलानला गेला, फ्रेंच तिरंदाजांनंतर बरोबर पाचशे वर्षांनी. दुसरा फ्रेड मायर यांच्या पाठबळामुळे त्याच वर्षी ग्रँड रॅपिड्सला आला. एका सेंटात मुलांना घोड्यावर बसवणाऱ्या माणसानं लिओनार्दोचा घोडाही मुलांसाठीच आणला, असं मला वाटतं. कारण हा घोडा चौथऱ्यावर, कुंपणाआड ठेवलेला नाही. मुलं थेट त्याच्या पोटाखाली जाऊन उभी राहतात आणि खूर चाचपून बघतात.

लांबून घोडा हलका दिसतो, आता दौडेल असा. पोटाखाली उभं राहिलं की प्रश्न पडतो: सुमारे पंधरा टनांचा हा भार दोन पायांवर कसा पेलला? ब्राँझ म्हणजे इथं फक्त कातडी आहे. ती तुकड्यातुकड्यांत ओतून जोडलेली आहे आणि आत पोलादी सांगाडा आहे. जमिनीवर टेकलेल्या पायांमधून तो सांगाडा भार खाली जमिनीत उतरवतो. लिओनार्दोला जे कागदावर दिसत होतं, ते उभं करायला अशा पोलादाची वाट बघावी लागली. इथंही पहिली नजर डौलावर जाते आणि दुसरी पायांकडे.

बाग लोकांना इतकी आवडली की तिचं तेच दुखणं झालं. सुरुवातीला बांधलेली इमारत वर्षाला दोन लाखांच्या आसपास माणसं येतील या हिशेबानं उभी केली होती. आली त्याच्या कितीतरी पट. शाळांच्या बस, लग्नांची वऱ्हाडं, उन्हाळी मैफलींचे श्रोते, फुलपाखरांच्या दिवसांतली गर्दी, सगळं एकाच दारातून. बागेसाठी गर्दी ही साधी अडचण नसते. पावलांनी माती दाबली जाते, मातीतल्या हवेच्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात. शिवाय रांगेत ताटकळून वैतागलेला माणूस आत गेल्यावर काही बघण्याच्या मनःस्थितीत उरत नाही. म्हणजे आलेल्या माणसाला सामावून घेणं आणि ज्यासाठी तो आला ते जपणं, ही दोन्ही कामं दाराकडे आली.

हे काम न्यूयॉर्कच्या टॉड विल्यम्स आणि बिली त्सियन या वास्तुविशारद दांपत्याकडे सोपवण्यात आलं. फिलाडेल्फियाचं बार्न्स फाउंडेशनचं कलासंग्रहालय त्यांचंच. शिकागोतल्या ओबामा अध्यक्षीय केंद्राचा आराखडाही त्यांचा. मुंबईकरांनी त्यांचं काम रोज जाता-येता पाहिलेलं असू शकतं: अंधेरीतलं टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचं ‘बनियन पार्क’ याच दोघांनी आखलं. दाटीवाटीच्या अंधेरीत जुन्या झाडांच्या सावलीत वसवलेल्या त्या बुटक्या इमारती पाहिल्या की त्यांचा स्वभाव कळतो. झाडाला जागा आधी, इमारतीला नंतर. या दोघांनी 1999च्या सुमारास संथपणावर एक निबंधही लिहिला होता. इमारत सावकाश घडावी आणि सावकाश उलगडावी, ही त्यांची जुनी श्रद्धा. बागेच्या दारासाठी याहून योग्य श्रद्धा कोणती असणार?

नवं स्वागतकेंद्र 69,000 चौरस फुटांचं आहे, म्हणजे दीड एकराहून थोडं जास्त. आकार मोठा, पण अशा इमारतीची परीक्षा आकारावर होत नाही. तिच्यासमोरचं खरं आव्हान असं: गाडी लावून, मुलांचे हात धरून, फोनवर बोलत माणूस येतो. त्याचे डोळे अजून महामार्गाच्या वेगात असतात. पाच-दहा मिनिटांत त्या डोळ्यांना पानाच्या वेगावर आणायचं. आपल्या देवळांमध्ये सभामंडप हेच काम करतो. बाहेरच्या उन्हातून आलेली नजर मंडपाच्या सावलीत निवते, पावलं आपोआप मंदावतात, आणि मग गाभाऱ्यातल्या समईच्या उजेडात मूर्ती दिसू लागते. मंडप नसता तर तीच मूर्ती तिथं असूनही आपल्याला फक्त अंधार दिसला असता.

यात शरीरशास्त्रही आहे. उजेडातून सावलीत आल्यावर बाहुली काही क्षणांत मोठी होते. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींना मात्र पुरतं सरावायला कित्येक मिनिटं लागतात. बर्फावरचा उजेड डोळे दिपवणारा असतो, म्हणून उत्तरेकडच्या बागेला हा उंबरठा जास्तच लागतो. थंडीचंही तसंच. बाहेरून गोठलेला चष्मा घालून थेट दमट काचघरात शिरलात तर काचा क्षणात धुरकटतात आणि फुलपाखरांच्या जागी नुसतं धुकं दिसतं. कोट काढायला, काचा पुसायला, ऊब अंगात भिनायला मधे जागा हवी. फुलपाखरांनाही दार नीट लागतं. परक्या देशातली एकही बाहेर निसटू नये म्हणून प्रदर्शनातून निघताना आपल्या खांद्यावर, पिशवीवर कुणी बसलेलं नाही ना, हे बघून मगच पुढं जायचं असतं.

या स्वागतकेंद्राच्या एका दालनात स्पॅनिश शिल्पकार जाउमे प्लेन्सा यांचं ‘युटोपिया’ आहे. इथं शिल्प इमारतीत आणून ठेवलेलं नाही, ते दालनाच्या भिंतींचाच भाग आहे. शुभ्र संगमरवरातून चार स्त्रियांचे प्रचंड चेहरे उमटलेले, डोळे मिटलेले. उठावशिल्पाची जादू अशी की त्यात दगड कमी आणि सावली जास्त काम करते. गाल प्रत्यक्षात थोडाच पुढं आलेला असतो, पण त्यावरून उजेड तिरपा सरकला की सावली त्याला गोलाई देते. ढग आला की चेहरा विरघळतो, ऊन आलं की परततो. इथं दोन मिनिटं थांबलेला माणूस उजेडाकडे बघायला लागतो, आणि तीच सवय घेऊन पुढं बागेत जातो. बागेत तरी दुसरं काय बघायचं असतं? पानावरून सरकणारा उजेडच.

इमारतीच्या गच्चीवरही शिल्पांची बाग आहे. गच्चीवर बाग करणं ऐकायला सोपं, पण पाण्यानं पुरती भिजलेली एक घनमीटर माती दोन टनांच्या जवळपास भरते. त्यावर शिल्पाचा भार, तोही एकाच ठिकाणी टेकलेला. त्यावर मिशिगनचं बर्फ. शिवाय मुळांना फट शोधायची खोड असते आणि पाण्यालाही. म्हणून अशा गच्चीवर रोपाखाली हलकी केलेली माती, तिच्याखाली पाणी वाहून नेणारा थर, मग मुळं अडवणारा पडदा आणि सगळ्यांत खाली जलरोधक थर, असे थरावर थर रचतात. वर माणसं फिरायला येतात तेव्हा यातलं काहीच दिसत नाही. दिसते ती समोर पसरलेली झाडी.

तिथून बागेत उतरलं की दाराची खरी परीक्षा सुरू होते. केनेथ स्नेलसन यांचं ‘बी-ट्री टू’ घ्या. पोलादी नळ्यांचं, दोन मजली घराहून उंच, फांद्या पसरल्यासारखं काहीतरी. चालता चालता पाहिलं तर नळ्यांचा पसारा वाटेल. थांबून पाहिलं तर अंगावर काटा येतो, कारण यातली एकही नळी दुसऱ्या नळीला टेकलेली नाही. प्रत्येक नळी पोलादी तारांच्या ताणावर अधांतरी तोललेली आहे. नळ्या बाहेर रेटतात, तारा आत ओढतात, आणि या ओढाताणीतून रचना ताठ उभी राहते. स्नेलसन यांना हे तत्त्व 1948च्या सुमारास विद्यार्थिदशेत सापडलं. एक महत्त्वाची तार तोडली तर सगळा तोल ढासळेल.

थोडं पुढं चिनी कलावंत आय वेवे यांचं ‘आयर्न ट्री’. लांबून निष्पर्ण झाड, गंजलेल्या तांबूस रंगाचं, हिवाळ्यातल्या खऱ्या झाडांत मिसळून जाईल असं. जवळ गेलं की फांद्यांच्या सांध्यांवर नटबोल्ट दिसतात. वेगवेगळ्या झाडांच्या खोडांचे, मुळांचे, फांद्यांचे लोखंडी साचे जोडून केलेलं ते एक झाड आहे, आणि जोड लपवायचा प्रयत्नही केलेला नाही. क्लास ओल्डेनबर्ग आणि कोशे व्हान ब्रुगेन यांची लाल खुरपी ‘प्लांटवार’ तर जमिनीत रोवून उभी आहे, तेवीस फुटांच्या वर. तिच्यापुढं माणूस रोपाएवढा होतो.

होइची कुरिसू यांनी आखलेली आठ एकरांची जपानी बाग 2015मध्ये उघडली. दगड, पाणी, पाइन आणि त्यांच्यामधे समकालीन शिल्पं. त्यांत मुंबईत 1954 साली जन्मलेल्या अनिश कपूर यांचंही काम आहे. शिकागोच्या मिलेनियम पार्कमध्ये कपूर यांचं आरशासारखं ‘क्लाउड गेट’ आणि प्लेन्सा यांचं ‘क्राउन फाउंटन’ हाकेच्या अंतरावर आहेत. ही जोडी ग्रँड रॅपिड्समध्ये पुन्हा भेटते, एक दाराशी आणि एक बागेच्या आत.

शिल्पाला आपलं म्हणणं या शहराला जुनंच आहे. 1969 साली अलेक्झांडर कॅल्डर यांचं लालभडक ‘ला ग्रांद व्हितेस’ शहराच्या चौकात उभं राहिलं. राष्ट्रीय कलानिधीच्या सार्वजनिक कला योजनेतून अमेरिकेत उभं राहिलेलं हे पहिलं शिल्प. सुरुवातीला त्याच्यावर नाकं मुरडणारे खूप होते. पुढं शहरानं ते आपल्या बोधचिन्हातच घेतलं आणि कचऱ्याच्या गाड्यांवरही ते झळकू लागलं. पहिल्या नजरेला न आवडलेली वस्तू दुसऱ्या नजरेला आपली झाली.

मराठी माणसांनाही हे शहर परकं नाही. 2017च्या जुलैत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन इथंच भरलं होतं, आणि त्याच वर्षी बागेच्या या विस्ताराचं काम सुरू झालं. शिकागोहून गाडीनं तीन तास, डेट्रॉइटहून अडीच. मुलांकडे अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांना नायगारा दाखवतात, शिकागोच्या उंच इमारती दाखवतात. तिथं मान वर करायची, ‘बापरे!’ म्हणायचं आणि फोटो काढायचा असतो. इथं मान खाली करून कोषाची चीर बघायची असते, वाकून बोल्ट बघायचा असतो, थांबून तार बघायची असते.

दाराला इतकं महत्त्व का, याचं माझं उत्तर यातच आहे. झाडं, शिल्पं, फुलपाखरं बागेत आधीपासून होती. वाढत्या गर्दीत हरवत चालली होती ती बघण्याची फुरसत. ती विकत आणता येत नाही, पण तिच्यासाठी जागा बांधता येते. तेव्हा तिथं गेलात तर तिकीट हातात पडताच घोड्याकडे धावू नका. आधी दाराशी थांबा, प्लेन्सांच्या चेहऱ्यांवरून उजेड सरकताना बघा, चष्मा पुसा, आणि मग आत जा. शक्य असेल तर मार्च-एप्रिलमध्येच जा. फुलपाखरं दर वर्षी तेवढे दोनच महिने असतात.